शेवटच्या दाढेमागे

«नाही सापडला. अख्खी सकाळ वाया. डबा ठेवणाऱ्यानं आधी स्वतः शोधून दाखवावा.
— तीनचाकी»

कवळीबाईनं फोन उपडा ठेवला आणि गुलाबी मेणात बसवत असलेला सुळा जरा जास्तच जोरात दाबला. सुळा वाकडा झाला. उपटून पुन्हा बसवला. पुन्हा वाकडा.

स्वतः शोधून दाखवावा म्हणे! डोळे आहेत की बटणं?

कवळ्या बनवणं हा तिचा धंदा. दातांचे डॉक्टर पेशंटच्या जबड्याचं माप पाठवायचे, ती त्या मापात प्लास्टर ओतून जबडा उभा करायची, त्यावर मेण, मेणात दात, मग सगळं उकळून, घासून, चकाकवून परत. तळमजल्यावरची खोली. लांब ओटा, घासायचं यंत्र, प्लास्टरच्या गोण्या, आणि शेल्फवर गावभराचे जबडे आ वासून बसलेले. रस्त्यात माणूस भेटला तर तिला ओळख पटायची नाही. जबडा दाखवा, कुणाचा ते सांगेल. ‘कवळीबाई’ हे नाव तिच्या थोरल्या भावानं ठेवलं, गल्लीनं उचललं, आणि आता बिलावरही तेच यायला लागलं होतं.

थोरला भाऊ म्हणजे दादा. तो वरच्या मजल्यावर राहायचा. वहिनी गेल्यापासून जेवायला खाली यायचा, आणि जेवणाबरोबर

काय यायचं ते पुढे. आधी गुहा.

*

गावाबाहेरच्या टेकडीत एक गुहा आहे. पाण्यानं चुनखडी झिजवून केलेली. आत मोठं दालन, छतातून दगडाचे सुळे लोंबतात, जमिनीतून दगडाचे खुंट वर येतात. दादा उभी हयात तिथे वाटाड्या होता. लोकांना आत नेऊन हा हत्ती, हा म्हातारीचा अंबाडा, हा मोठा खांब, असं दाखवायचा. घरी जेवतानाही तेच. पाण्याचा तांब्या खांब व्हायचा, वाटी हत्ती व्हायची. “आत शिरलं की उजवीकडे खांब, मंडळी, हात लावू नका!” असं म्हणत तो आमटी वाढून घ्यायचा.

कवळीबाई कधीच आत गेली नव्हती. यंदा नक्की, सुट्टीला नक्की, एवढी ऑर्डर संपली की नक्की. ऑर्डर काही संपली नाही. गावाचे दात पडतच राहिले.

मग गुहा बंद झाली. आत वटवाघळांची दुर्मिळ जात निघाली, माणसांच्या बत्त्यांनी आणि गोंगाटानं ती पिल्लं टाकून पळायची. गुहा संरक्षित झाली, तोंडाला गजांचं दार बसलं, एका अंगाला कुंपण आलं. दादाला एक शाल मिळाली आणि घरी पाठवलं. शालीचं त्यानं स्कूटर पुसायचं फडकं केलं. त्या दिवसापासून गुहेबद्दल एक अक्षर नाही. तांब्या तांब्याच राहिला.

पण पायांना सवय होती ना. गप्प बसेनात. तेव्हा त्यानं डबे शोधायचा नाद लावून घेतला.

हा खेळ जगभर चालतो. कुणीतरी सार्वजनिक जागी एक डबा लपवतं, जागेचा ठावठिकाणा ॲपवर टाकतं. बाकीच्यांनी फोन घेऊन जायचं, हुडकायचं, आतल्या कागदाच्या गुंडाळीवर सही करायची, डबा होता तसा ठेवायचा. बक्षीस नाही, काही नाही. जो सगळ्यात आधी शोधेल त्याचा तोरा, बस्स. डब्याला कॅश म्हणतात. समोरच्या शिवणकामवालीला वाटलं होतं लोक पैसे पुरतायत, तिनं बागेतल्या दोन कुंड्या उकरून पाहिल्या.

दादानं ॲपवर स्वतःचं नाव ठेवलं ‘बिनकामाचा’. बाकांखालचे, पायपांमागचे, पुलाच्या भोकातले, गावातले सगळे डबे त्यानं काढले. आणि प्रत्येकाला नाव ठेवलं. “डबा कसला, साबणाची डबी! आत बघावं तर काही नाही. चिटोरं.”

आत बघावं तर काही नाही. हे कवळीबाईनं ऐकलं. आणि तिच्या डोक्यात किडा शिरला.

*

टेकडीवर डबे ठेवायला मनाई नव्हती. गुहा आणि कुंपणाच्या आतली जागा तेवढी वनखात्याची, बाकी टेकडी सगळ्यांची. ॲपच्या तपासनीसाला तिनं नकाशा पाठवला, फोटो पाठवले, कुंपणापासून लांब, पायवाटेला लागून, बसायच्या दगडांजवळ. परवानगी मिळाली.

मग तिनं गुहेचं मोठं दालन बनवलं. डब्याच्या आत. प्लास्टरमध्ये. खांब, हत्ती, अंबाडा, छताचे सुळे, सगळं जेवणाच्या ताटावरून ऐकलेलं, आठवून आठवून. ओलावा दिसावा म्हणून वर तोच पातळ लेप, जो ती दातांवर देते. झाकणाला एक भोक, डोळा लावायला. आणि डब्यावर टोपी म्हणून खोटा दगड. त्याचा रंग टेकडीच्या दगडाशी जुळवायला ती दातांच्या छटांची पट्टी घेऊन टेकडीवर उन्हात बसली होती. सिगारेट ओढणाऱ्या म्हाताऱ्याच्या दाताची छटा बरोबर बसली.

डब्याचं नाव: ‘बंद तोंड’. ठेवणाऱ्याचं टोपणनाव: ‘अक्कलदाढ’. दादाला पत्ता लागता कामा नये. त्यानं आपल्या पायांनी जावं, आपल्या डोळ्यांनी शोधावं, सगळ्यांच्या आधी. भोकाला डोळा लावावा, आणि आत त्याचं दालन असावं. मग तो बोलेल. कधीतरी बोलेलच की नाही? एवढंच हवं होतं तिला. फार होतं का?

कड्याखाली फोनचा ठिपका माकडासारखा उड्या मारतो, त्यामुळे ठावठिकाणा कितीही नीट टाकला तरी भरवसा नाही. पण त्यासाठी इशारा असतो. आणि तिचा इशारा तर इतका सोपा होता की

*

«इशारा: तोंडाच्या उजवीकडे, शेवटच्या दाढेमागे.»

*

गुहेच्या तोंडाच्या दोन्ही अंगांना बुटक्या दगडांची रांग आहे. दाढाच. आंधळ्यालाही सापडेल.

«नाही सापडला.»

«नाही सापडला. उजवीकडे कुंपण आहे हो!»

«उजवीकडची शेवटची दाढ कुंपणाच्या आत येते. डबा ठेवणारा जेलमध्ये घालणार आपल्याला. 😡 — तीनचाकी»

कुंपणाच्या आत? कुठल्या जगात? कवळीबाई चिडून एकदा संध्याकाळी स्वतः जाऊन आली. डबा जागच्या जागी, मोकळ्यावर, पायवाटेला लागून. दगडावर कुणीतरी केळ्याचं साल ठेवून गेलं होतं. म्हणजे लोक तिथे बसून केळी खात होते आणि डबा सापडत नव्हता!

आणि वर रोज रात्रीचं जेवण.

“हा अक्कलदाढ कोण गाढव आहे गं?” दादा पोळी मोडत म्हणाला.

“मला काय माहीत?” (तुझ्यासमोर बसलंय ते गाढव.)

“गुहेजवळ डबा ठेवलाय शहाण्यानं. मी जाणार नव्हतो. त्या टेकडीचं तोंड बघायचं नव्हतं मला.”

“मग नको जाऊस.” (जा. जा. उद्याच जा.)

“गेलो होतो आज.”

तिचा घास हातात राहिला. “मग?”

“मग काय! उजवीकडे दगड न् दगड चाचपला. मी त्या दगडांना जन्मापासून ओळखतो, कवळे. एकेकाची कुंडली सांगेन. तिथे डबा नाही. असूच शकत नाही. कुणीतरी घरी बसून चेष्टा करतंय आपली.”

“नीट बघितलंस का?” (चष्मा पूस आधी.)

“नीट म्हणजे?”

“म्हणजे... तोंडाच्या उजवीकडे म्हटलंय ना...”

“तुला कसं माहीत काय म्हटलंय ते?”

“तूच म्हणालास की.”

“मी कधी म्हणालो?”

“भाजी घे.” (देवा, याला अक्कल दे नाहीतर मला दातखीळ दे.)

त्यानं भाजी घेतली. “विचारावं त्याला सरळ, असं तीनचाकी म्हणतो. पण मी आयुष्यात कुणाला रस्ता विचारलेला नाही. लोक मला विचारायचे.”

हेच. इथेच सगळं अडत होतं. एक शब्द सांगितला की दहा मिनिटांत काम झालं असतं, आणि सांगितला की सगळ्यावर पाणी. सांगितलेला डबा त्यानं हातातही धरला नसता. ती मूग गिळून बसली. रोज बसली. दादा रोज टेकडीवर जायचा आणि रोज येऊन तिलाच शिव्या घालायचा, अक्कलदाढेच्या नावानं, तिच्याच हातची भाजी खात. बुळा, लबाड, अंगठाछाप, आणि एकदा तर ‘दीड दातांचा’. तो शब्द तिला फारच लागला. धंद्यावर जाणारी शिवी होती.

*

फोन वाजला तो दुपारी, प्लास्टर ओतताना. वाडगं खाली ठेवता येत नाही अशा वेळी. ओतलं नाही तर वाडग्यातच दगड होतो. तिनं फोन खांद्यात धरला.

“अक्कलदाढ बोलतायत का?” बाईचा आवाज. कोवळा, पण सरकारी. “मी गुहेची वनरक्षक. तुमचा नंबर ॲपवाल्यांनी दिला.”

“बोला.”

“तुमच्या डब्यापायी लोक कुंपण ओलांडायला लागलेत. त्या बाजूच्या फटीत वटवाघळांची पिल्लं आहेत, अजून उडत नाहीत. आई बिथरली की पिल्लू खाली पडतं. काल एक पडलं.”

“पण माझा डबा कुंपणाच्या आत नाहीच आहे!”

“मग लोक आत काय माती खायला जातात?”

“ते मला काय विचारता? त्यांना विचारा!”

“विचारलं. एक सापडले कॅमेऱ्यात. पांढरी दाढी, हिरवी टोपी, हातात काठी. पोटावर सरपटत आत गेलेत. या वयात!” आवाज जरा हलला. “माझी पंचाईत झालीये बाई. मी शाळेत असताना त्याच काकांनी गुहा दाखवली होती आम्हाला. आता त्यांचाच जबाब घ्यायचाय मला.”

कवळीबाईनं वाडग्याकडे बघितलं. दगड झाला होता.

“उद्या सकाळी या आणि डबा उचला,” वनरक्षक म्हणाली. “नाहीतर पिल्लं उडेपर्यंत मी सगळी टेकडीच बंद करते. काकांनाही सकाळीच बोलावलंय.”

हिरवी टोपी तिनंच घेतली होती त्याला. ऊन लागू नये म्हणून.

*

का पण? तिथे गेलाच का? मी काय लिहिलंय? उजवीकडे! तो कुठे गेला? उजवीकडे. मग? मी कुठे ठेवलाय? उजवीकडे! मग हा उजवीकडे जाऊन कुंपणात कसा, आणि मी उजवीकडे जाऊन पायवाटेवर कशी? टेकडी फिरते की काय? की गावातल्या एकूण एक माणसाला डावं-उजवं कळत नाही आणि

पुन्हा फोन. डॉक्टर.

“अहो, कालची कवळी बोचतेय म्हणतात आजोबा. वरच्या उजव्या सुळ्याखाली. पाठवलीय, जरा घासून द्या.”

“देते.”

कवळी आली. तिनं ती समोर धरली, दात स्वतःकडे करून, नेहमीसारखी. वरचा उजवा सुळा. बोट आपसूक गेलं

डावीकडे.

तिनं बोटाकडे पाहिलं. बोट बरोबर होतं. पेशंट समोर बसतो, तोंड आपल्याकडे करून. त्याचं उजवं ते आपलं डावं. हे तिला कुणी शिकवल्यालाही जमाना लोटला होता; आता तर ती आरशात स्वतःचे दात घासतानाही गोंधळायची नाही. तोंडाचं उजवं म्हणजे तोंडाचं. बघणाऱ्याचा काय संबंध?

शेल्फवरचे जबडे सगळे तिच्याकडे तोंड करून आ वासून बसले होते. एकानंही आधी सांगितलं नाही.

टेकडीवर इशारा लिहिताना गुहा समोर होती. आ वासलेली. तिच्याकडे तोंड करून.

“अगं बाई गं,” कवळीबाई म्हणाली आणि ओट्याशी खाली बसली.

मग उठून फोन घेतला. एक शब्द बदलायचा, बस्स. ‘उजवीकडे’ खोडायचं, ‘डावीकडे’ लिहायचं.

«या डब्याविरुद्ध तक्रार आली आहे. तपासणी पूर्ण होईपर्यंत मजकुरात बदल करता येणार नाही.»

तिनं पुन्हा दाबलं.

«बदल करता येणार नाही.»

*

सकाळी दादा तिच्या आधी तयार. टोपीसकट.

“तूही चललीस? कशाला?”

“तुला सोबत.” (माझं मलाच पकडून द्यायला.)

“बरं झालं. तो अक्कलदाढही येणार आहे म्हणे. साक्षीला कुणीतरी हवंच. मी त्याला असा धुणार आहे, असा धुणार आहे—”

स्कूटरवर मागे बसून तो संपूर्ण रस्ताभर भाषणाची तालीम करत होता. कानाच्या मागेच. “‘साहेब, आपण कधी टेकडी पाहिलीत का?’ नको, साहेब नको. ‘अरे दीड दातांच्या!’ हे बरंय. हळू चालव. ‘तुझ्यामुळे मला, मला त्या गुहेपाशी चोरासारखं पोटावर...’” तिथे त्याचा आवाज बसला. तालीम तिथेच संपली, आणि ते भाषणापेक्षा वाईट होतं.

वनरक्षक पायवाटेवर उभी होती. तरणी पोर, भलेमोठे बूट, हातात थर्मास. दादाला बघून तिनं टोपी सारखी केली.

“या काका.”

“या म्हणू नकोस पोरी. बोलावणं धाडलंस ना, आलो. कुठंय तो?”

“कोण?”

“अक्कलदाढ.”

वनरक्षकानं कवळीबाईकडे बघितलं. कवळीबाईनं बुटांकडे. तिला कितीतरी गोष्टी सांगायच्या होत्या. तिच्या तोंडून निघालं, “मीच ती.”

दादा हसला. मग हसायचा थांबला.

“तू?”

“हो.”

“तू माझ्यासमोर बसून... रोज... मी शिव्या घालत होतो आणि तू भाजी वाढत होतीस?”

“मग काय करू? उपाशी ठेवू?”

“का पण?”

“शोधलास की कळेल.”

“काका, जबाब—” वनरक्षक म्हणाली.

“थांब गं!” दोघंही तिच्यावर एकदम ओरडले. ती बिचारी मागे सरली.

“डबा मी आजच उचलणार आहे,” कवळीबाई तिला म्हणाली. हात जोडायचे बाकी होते. “पण आधी त्याला शोधू दे. कुंपणाला हात लावणार नाही तो. माझी जबाबदारी.”

वनरक्षकानं थर्मासचं झाकण उघडून त्यात चहा ओतला. “माझा चहा संपेपर्यंत. मग मी जागा विचारणार आणि तुम्ही सांगणार.”

“दादा, ऐक, इशाऱ्यात माझा एक शब्द—”

“गप्प! सांगशील तर बघ!”

“अरे पण चुकलाय तो!”

“चुकलेल्यावरून शोधीन. पण सांगायचं नाही.”

आणि गेला. कुठे? उजवीकडे. गुहेकडे तोंड करून, काठी आपटत, सरळ कुंपणापर्यंत. तिथे वाकून दगड न्याहाळायला लागला. तेच दगड, ज्यांच्या कुंडल्या त्याला पाठ होत्या.

(डावीकडे बघ.)

तो तारेच्या पलीकडे डोकावला. वनरक्षक खाकरली. तो मागे आला, पहिल्या दगडापासून पुन्हा सुरू झाला.

(दादा, डावीकडे. मान वळव. कबुतरं वळवतात. कोंबड्या वळवतात.)

चहा अर्धा.

“डावीकडे काही आहे का, बघितलंस?” न राहवून ती म्हणाली.

“तू बोललीस!”

“मी विचारलं!”

“डावीकडे काय असणार? डावीकडे लोक केळी खातात!”

वनरक्षक चहावर फुंकर मारत होती. निवलेल्या चहावर. कवळीबाईला ती पोर एकदम आवडली आणि तिचा भयंकर रागही आला, इतक्या हळू पिऊनही शेवटी तो संपणारच होता म्हणून.

दादा थांबला. काठी जमिनीत रोवली. चेहरा लाल. “नाही इथे,” तो म्हणाला. “बास झालं. जबाब घे पोरी, सही करतो. चोर म्हण, काय म्हणायचं ते म्हण.” तो गुहेच्या तोंडासमोर मधोमध आला आणि गजांच्या दाराकडे पाठ करून उभा राहिला. रागानं नव्हे. तिथे आला की तो असाच उभा राहायचा, पाठ गुहेला, तोंड लोकांना. पायांनीच त्याला तसं वळवलं. समोर दोनच माणसं होती. एक बहीण, एक सरकारी.

त्यानं उजवा हात थोडा वर केला. सवयीचाच हात.

आणि हाताकडे बघत राहिला.

“कवळे.”

“काय?”

“तोंडाच्या उजवीकडे म्हणजे... तोंडाच्या?”

तिनं ओठ दातांखाली धरले होते.

“अगं, तोंडाला कधी उजवं-डावं असतं का, गाढवे! बघणाऱ्याला असतं!”

“माझ्या धंद्यात तोंडालाच असतं!”

“गुहा काय तुझा पेशंट आहे? कवळी बसवणार होतीस तिला?” ओरडत ओरडतच तो त्याच्या उजव्या हाताला निघाला होता, काठीही विसरला. शेवटच्या दाढेपाशी केळ्याचं वाळकं साल होतं. ते त्यानं उडवलं. मागचा दगड बघितला, त्यावर नख मारलं, आणि नखाचा आवाज ऐकून थबकला.

दगडाचा आवाज कसा येतो ते त्याला माहीत होतं.

*

भोकाला डोळा लावून तो खूप वेळ बसला. वनरक्षकाचा चहा संपला होता. ती रिकाम्या झाकणातून पीत राहिली.

कवळीबाईला वाटलं, आता. आता बोलेल. गळा दाटेल, ‘हात लावू नका मंडळी’ म्हणेल. तिनं पदरानं तोंड पुसून ठेवलं. तयारीत.

दादानं डोळा काढला.

“उलटं आहे,” तो म्हणाला.

“काय?”

“सगळं. खांब डावीकडे आलाय. हत्ती उजवीकडे. आत शिरलं की उजवीकडे खांब, किती वेळा सांगितलं होतं मी? जेवताना तुझं लक्ष कुठे असायचं?”

तिनं झाकण हिसकावून आत पाहिलं. खांब डावीकडे. म्हणजे उजवीकडे. जबड्याच्या उजवीकडे. ते सगळे दिवस, तो लेप, तो एकेक सुळा केसासारखा ओढून काढलेला, सगळं चोख, आणि सगळं आरशातलं.

“बघू?” वनरक्षकानं डोळा लावला. “हत्ती इकडे नव्हता खरंच. मी त्याच्या सोंडेला टेकले होते म्हणून मला तुम्ही ओरडला होतात काका.”

“अजून टेकलेली आठवते. तूच का ती? वेणीवाली?”

“हो.”

“सोंडेचं टोक गेलं त्या वर्षी.”

“मी नाही हो पाडलं!”

कवळीबाईनं कागदाची गुंडाळी आणि पेन्सिल पुढे केली. रडू येत होतं की राग, तिचं तिलाही कळेना. “सही कर. पहिला तू आहेस. एवढी तरी कर.”

“चुकीच्या दालनावर? मी?” त्यानं गुंडाळी परत दिली. “नीट करून आण. मग करतो.”

“कुठे आणू? डबा आजच उचलायचाय! टेकडीवर परत ठेवता येणार नाही!”

“ते मला सांगू नकोस. उलटं मी केलं नाही.”

डबा तिनं एकटीनं खाली आणला. जबाबावर मात्र त्यानं झोकात सही ठोकली.

*

«सापडला. डबा उत्तम, दगड अप्रतिम, आतलं दालन साफ चूक. सही केलेली नाही. तीनचाकी यांनी केळ्याचं साल घरी न्यावं.
— बिनकामाचा»

«हा डबा कायमचा बंद करण्यात आला आहे.»

*

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्याही आधी तो खाली उतरला आणि तिच्या स्टुलावर बसला.

“हं. खांब काढ.”

“मला आजोबांची कवळी द्यायचीय.”

“आजोबा मऊ भात खातील. खांब काढ.”

तिनं खांब काढला. म्हणजे तोडला, प्लास्टर निघत नाही, तुटतं. दात-ओठ खात नवं प्लास्टर कालवलं. “कुठे लावू?”

“उजवीकडे.”

“कुणाच्या?”

“आत जाणाऱ्याच्या.”

“म्हणजे इथे?”

“तिथे कुठे! जरा पुढे. आधी छत खाली येतं ना.”

“छत खाली येतं हे तू कधीच सांगितलं नव्हतंस!”

“सांगायचं काय त्यात? वाकवायचो मी लोकांना.”

“मला वाकवलंस का कधी? दादा, लवकर सांग, प्लास्टर आवळतंय.”

“असं नाही कळणार तुला. ऊठ.” तो उठला. घासायच्या यंत्राला पाठ लावून, तिच्याकडे तोंड करून उभा राहिला, दोन्ही हात पसरले, आणि ओटा आणि शेल्फ यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेतून एकेक पाऊल मागे मागे जायला लागला. न बघता. गोणी आली तिथे न बघता वळला. “माझ्याकडे बघत ये. डोकं खाली. अजून खाली, आपटेल. आता पाणी टपकतंय, ऐक. उजवा हात भिंतीला लावू नकोस, मंडळींनो, कुणीही लावू नका—”

“दादा, प्लास्टर!”

“बत्ती विझवा सगळ्यांनी.”

“दादा!”

“शू. बोललीस की ती उडतात.”

ती वाकली. शेल्फवरचे जबडे डोक्यावरून गेले. मागे ओट्यावरच्या वाडग्यात चमचा उभाच्या उभा रुतला होता.